कलम चौथं

रविवारी रात्री पावणेदहाला मोबाइल वाजला.
सोमवारच्या खिचडीची डाळ निवडत बसले होते.
"आक्का, उद्यापासून शर्वी येणार नाही. थँक्यू."
खाली जोडलेले दोन पिवळे हात.

एक वर्ष आणि पाच महिने
एका ओळीत मावले बघा.

उठले. साखरेच्या डब्यामागचा करारनामा काढला,
कोर्टासमोरच्या होनरावांनी टाइप करून दिलेला,
शंभराच्या स्टँपवर, मुक्काम लातूर:
"उभय पक्ष राजीखुशीने लिहून देतात की"
कलम चौथं. एक महिना आधी लेखी कळवावे,
न कळवल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही.
खाली भाग्यश्री बिराजदारची सही, लपेटेदार,
शेजारी माझी, एकेक अक्षर सुटं.

हे कलम मी हौसेनं नाही घातलं.
मागच्या मे महिन्यात चार लेकरं आजोळी गेली
ती परत आलीच नाहीत.
शहनाजचा पगार मी कानातलं मोडून दिला.
टँकरवाला उधारीवर तीनदा आला,
चौथ्यांदा हॉर्नसुद्धा वाजवला नाही.
आणि परवाच एका तलाठीणबाईला
दारातूनच म्हटलं होतं मी, "जागा नाही, बाई."
शर्वीची होती ती जागा.

मंगळवारी बिराजदार आले. बूट काढले नाहीत.
"साडेतीन हजार परत करा."
मी कागद पुढं केला.
"अहो आक्का, हे काय ऑफिस आहे का?
घरात बसून लेकरंच तर सांभाळता.
माणुसकी म्हणून काही असतं."

माणुसकी.
पोरीला एकशे तीन ताप,
तुमची मीटिंग उदगीरला, बाईंचा फोन बंद,
ऑटोत मांडीवर घेऊन दवाखाना गाठला मी,
ते कितव्या कलमात बसत होतं, साहेब?
हे मनात. तोंडानं एवढंच,
"सही तुमच्याच घरची हाय."
ग्राहक मंचात जातो म्हणाले.
म्हटलं, जावा. जाताना फाटक लावा तेवढं,
लेकरं रस्त्यावर पळतात.

आवाज ठणठणीत निघाला.
पदराखाली बोटं कापू लालती, ती कुणी बघितली नाहीत.

बुधवारी शहनाजनं सवयीनं सात ताटल्या मांडल्या.
सातवीत मीच जेवले.
दुपारी झोपवताना हर्षद एकसारखं विचारू लालता,
"शर्वी कुठंय?"
गावाला गेली, म्हटलं.
कुठलं गाव? दोन गल्ल्या पलीकडं,
नव्या इंग्लिश शाळेच्या वरच्या मजल्यावर. एसी आहे म्हणे.

शुक्रवारी गंजगोलाईत दिसली.
आईच्या कडेवर, हातात अर्धी काकडी.
मला बघितलं तिनं. नीट बघितलं.
आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.
रुसली होती.
तिला कुठं ठाऊक मेसेज कुणी कुणाला टाकला?
तिच्या हिशेबात, दार आक्कानं लावलं.

रात्री कागद पुन्हा वाचला.
उभय पक्ष. म्हणजे दोन.
अडीच फुटांचा तिसरा
अख्ख्या स्टँपवर कुठंच नव्हता.

पैसे दिले नाहीत, स्पष्ट सांगते.
शहनाजला दिले, उरले ते टँकरला.
फक्त सोमवारी होनरावांकडं गेले,
म्हटलं, नव्या कागदात पाचवं कलम घाला:
लेकरू काढायचं असल्यास
शेवटचा एक दिवस आणावं,
त्याच्या देखत निरोप घ्यावा,
त्याला खोट्या गावाला पाठवू नये.

टाइप करता करता होनराव थांबले.
"आणि न आणल्यास? दंड किती लिहू?"

मागं भाडेकरारवाले ताटकळू लालते,
एक म्हातारा वारसाचे कागद पिशवीत दाबून उभा.

म्हटलं, "तिथं जागा सोडा."