एक सूत

खिडकी चारला बंद होणार.
विषयबदलाचा अर्ज हातात, घामानं जरा ओला.
माझ्यापुढं अकरा जण,
त्यातले सात आमच्याच वर्गातले.
कुणी कुणाकडं बघत नाही.

जूनमध्ये आम्ही चौतीस होतो.
मग एप्सिलॉन आला.
शून्याहून मोठा, पण कितीही लहान.
कंधारकर सरांनी फळ्यावर काढला
तेव्हा मला तो उलटा तीन वाटला,
आणि मागच्या बाकावरून काशिबा म्हणाला,
"सर, तीनच्या जागी चार धरला तर चालतंय का?"
सर हसले नाहीत.
काशिबा आता पर्यटन व्यवस्थापनात आहे,
औंढ्याची सहल करून आला, फोटो टाकलेत.

पहिल्या चाचणीत मला वीसपैकी तीन.
सरळ तीन.

बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव होते.
बोरीच्या स्टँडवर शाळेनं फ्लेक्स लावला,
त्यात प्रयागच्या जागी प्रज्ञा छापलेलं.
वडील म्हणाले, असू दे, फोटो तर तुझाच हाय.
आता वाटतं, ते अठ्ठ्याण्णव तिचेच असावेत,
त्या प्रज्ञाचे.

रूमवरची नौशीन म्हणते,
"सोड की गं. बनी तो बनी, नही तो परभणी."
अगं, ही म्हण बाहेरगावच्यांची.
आपण आधीच परभणीत.
इथून 'नही तो' कुठं?

काल वडलांना फोन लावला.
ते जिंतूरला ग्रिल बसवत होते, मागं ग्राइंडर.
म्हणाले, एक विषय जमंना गेलाय.
"काय असतंय त्याच्यात?"
काय सांगू?
समोरचा म्हणतो, इतकी चूक चालेल, याच्या वर नाही.
मग आपण शोधायचं, हात किती जपून चालवावा
म्हणजे चूक तेवढ्याच्या आत राहील.
तो आणखी बारीक मागतो,
आपण आणखी जपून.
ग्राइंडर बंद झाला.
"म्हंजे सूत," ते म्हणाले.
"गिऱ्हाईक म्हणतंय, एका सुताच्या वर फट नको.
मग पट्टी कापतानाच अर्ध्या सुताची काळजी घ्यावी लागती.
ह्येच शिकवायलेत का तिथं? येवढी फी घेऊन?"
हसले, मग कुणावर तरी ओरडले,
फोन तसाच चालू राहिला, मी ऐकत राहिले
लोखंडाचा आवाज.

त्यांना एका दमात कळलं.
मलाही कळतं. सिद्धता येत नाही.
कळणं आणि येणं यांच्यात किती सुतं असतात
ते पुस्तकाच्या कुठल्याच पानावर नाही.

सरांनी कुणालाच थांब म्हटलेलं नाही.
नऊ पोरांसाठी ते फळा तसाच भरतात
जसा चौतिसांसाठी भरायचे,
डाव्या कोपऱ्यात तारीख, खाली रेघ.
फक्त मंगळवारी, डस्टर खिडकीबाहेर झटकताना म्हणाले,
"ढवळे, तुझी तिसरी ओळ बरोबर होती.
चौथीला घाबरलीस."

रांग सरकते. पुढं पाच जण.
भिंतीला कागद लावून, अर्जाच्या पाठीवर
मी तिसरी ओळ लिहिते. उगाच, वेळ जात नाही म्हणून.
मग चौथी.
डेल्टा घ्यायचा: एक, किंवा एप्सिलॉनचा पाचवा भाग,
यातलं जे लहान ते.
पाच कुठून आला?
मला माहीत आहे पाच कुठून आला.
हे मला माहीत आहे!
पुढचा कुणीतरी वळून बघतो.

सय्यद मामू अर्ज घेतात, शिक्का उचलतात, कागद उलटतात.
"हे काय चितारलीस गं पाठीमागं?
हे चालत नसतंय. नवा घे, पाच रुपये. लवकर कर."
चारला पाच कमी.
पर्समध्ये पाचाचं नाणं आहे, बोटांना लागतंय.
मागची मुलगी म्हणते, सरक ना.

"मामू,
तो कागद तरी परत द्या.
शेवटची ओळ राहिलीय."