माप

नेरूळच्या फ्लॅटांत प्लाय कापतो मी,
सनमायका, ट्रॉल्या, देवघरं.
तरी दिवाळ्याहून स्कूटरवर आली
हिराजी नाखव्याची प्रमिला,
पायांशी आडवा, गोणपाटात गुंडाळलेला
होडीच्या सुकाणूचा दांडा.
खिळीपाशी मोडलेला, भोक गंजानं काळं.
"अस्साच पाहिजे," म्हणाली.

ऐनाचा एक तुकडा पडून होता,
कुठल्याशा पाडलेल्या गोदामाची तुळई.
रंध्यातून तांबूस ढलप्या वळत गेल्या.
लांबी घेतली, जाडी,
टोकाकडचा किंचित बाक.
मग मुठीची जागा आली.
तिथं लाकूड आत गेलेलं,
अंगठ्याएवढं, एकाच अंगाला.
हिराजी डावखुरा होता
हे मला तो जाऊन चार वर्षांनी
लाकडाकडून कळलं.

पटाशी टेकवली, तेवढ्यात ती म्हणाली,
"तेवढं राहू दे.
मी उजव्या हातानं धरते."

भोकात ट्रॉलीचाच स्टेनलेस बोल्ट बसवला,
दोनदा जवसाचं तेल पाजलं.
पैसे दिले, वर पिशवीत चार बोय,
अजून ओले.

जुना दांडा विसरली, की ठेवून गेली, कोण जाणे.
दुकानातच झोपतो मी.
रात्री दाराला आतून
तोच अडसर लावतो,
आणि लावताना दर वेळी
हात बदलावा लागतो.