उसवण्याआधी

कळव्याचं माझं दुकान म्हणजे
जिन्याखालची जागा, एक बाक, एक ट्यूबलाइट.
घोडबंदरहून एक साहेब गोधडी घेऊन आले.
पिशवीत डांबरगोळ्या आणि चिठ्ठी :
कांदळगावकर, तातडीचं.
म्हणाले, आईची आहे. अस्तर बदला,
आणि हे काळे दोरे तेवढे काढून टाका.
सुनेला वाटतं, किडे चिकटलेत.

पसरली.
मांजरपाट, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला.
तुकडे सोळा. एकातही
फूल नाही, मोर नाही, तुळस नाही.
नुसत्या काळ्या पट्ट्या, आडव्या,
कुठे बोटभर, कुठे वीतभर,
कुठे एकाखाली एक सलग पाच
आणि मधली जागा कोरी.
सुतक कुणी गोधडीत शिवतं का?

हे काय आहे, विचारलं.
साहेबांनी मोबाइल खिशात टाकला.

वडील वागळे इस्टेटीत लेथवर होते, युनियनचे.
पंचाहत्तरच्या जुलैत रात्री दोघे आले, साध्या कपड्यांतले.
चप्पलसुद्धा घालू दिली नाही.
ठाण्याच्याच तुरुंगात ठेवलं,
आमच्या खोलीपासून चालत वीस मिनिटं.
आई भाजीला जायची ती त्या भिंतीच्या कडेने,
भाजी दुसऱ्या बाजूला मिळायची तरी.
पत्रं यायची, आधी कुणीतरी वाचून, काळी करून.
प्रिय द्वारका, इथे... मग काळं.
मुलाला सांग की... मग काळं.
एकदा ‘आंबे’ हा शब्द सुटला होता.
आईने तो कितीतरी दिवस पुरवला.

पत्र ती दिव्यासमोर धरायची,
मागून बघायची, ओला हात फिरवायची.
मग एका संध्याकाळी पत्राएवढं कापड कापलं
आणि पट्ट्या गिरवल्या, जिथल्या तिथे, जेवढ्या तेवढ्या,
सुईने.
शब्द घेतले नाहीत. म्हणाली,
उरलेले शब्द त्यांच्या परवानगीचे,
खोडलेलं तेवढंच तुझ्या बापाचं.

आणि पत्रं?
वाळवीने खाल्ली.
आणि वडील?
सत्याहत्तरला सुटले. काय लिहिलं होतं विचारलं
की म्हणायचे, आठवत नाही.
हीच गोधडी ओढून झोपायचे.

मी तेव्हा आठ वर्षांची, जुन्नरकडे.
नसबंदीची जीप आली की बाप उसात लपायचा,
आणि आम्हाला ते लपाछपीसारखं वाटायचं.
हे साहेबांना सांगितलं नाही.

चष्मा लावला.
तिसऱ्या तुकड्यात टाके इतके आवळलेले
की कापड गोळा झालंय. ती चिडलेली होती.
सातव्यात हात सैल. ताप असेल, किंवा
शेजारी कुणी गप्पा मारत बसलं असेल.
अकराव्यात नख लावलं, तर दोरा नाही.
केस.
लांब, काळे, दोन-दोन एकत्र ओवलेले,
त्यात एक पांढरा.
सोळावा तुकडा पूर्ण कोरा.
पत्र धड आलं होतं, की आलंच नव्हतं?
साहेबांना ठाऊक नव्हतं.

काढणार ना, त्यांनी विचारलं, पण हळू.
काढते, म्हटलं, पण भोकं राहतील.
म्हातारा मांजरपाट भोकं बुजवत नाही.
उजेडासमोर धराल तर
पट्ट्या तिथेच असतील.

ते वाकले. पाचव्या तुकड्यात वरून तिसरी पट्टी,
तिच्यावर बोट ठेवलं.
ही माझी, म्हणाले. मुलाला सांग की, च्या पुढची.
एवढ्यात काय मावतं हो?

टेप लावली. सात सेंटिमीटर.
त्यांना आकडा हवा होता असं नाही,
पण मला दुसरं काही येत नाही.

पावती फाडली :
गोधडी एक. अस्तर नवीन.
वरचं आहे तसं.
सही करताना त्यांनी विचारलं,
पांढरा केस कितव्या तुकड्यात म्हणालात?