पाचवा पेला

मालखाझ, कुताइसीत तुझ्या लग्नात
बायकांच्या नावाचा पाचवा पेला
आपण उभ्यानं रिचवला होता.
बायका तेव्हा आत, भांडी घासत.
"बायको एक पुरे, दोस्त शंभर हवेत,"
तू म्हणालास, मी टाळी दिली.

आता लियाना इटलीत,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला भरवते.
तिच्याच पैशातली ही वाइन.

राजम्यात धणे कधी घालायचे
ते तू फोनवर विचारतोस.
ती हसते. तू लिहून घेतोस.

पाचवा पेला आला. तू उठलास.
मला वाटलं, आता भाषण.
तू बाह्या सारून नळाशी गेलास.

बसून राहिलो जरा वेळ.
मग विचारलं, फडकं कुठंय?
"दारामागं," मागं न बघता म्हणालास.

माझ्या घरी कुठं असतं,
ठाऊक नाही.