एका इंचात किती

बावीस वर्षं मी टॉवेल तपासते,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, ट्यूबलाइटखाली.
भिंग टेकवायचं, सुईच्या टोकानं मोजायचं
एका इंचात उभे किती, आडवे किती.
कमी भरले की खडूची फुली.

डॉक्टर हत्तुरेबाईंनी माझ्या भांगावर
तसलंच काहीतरी टेकवलं,
आणि स्क्रीनवर माझं डोकं आलं,
शंभर धुण्यांनंतरच्या नॅपकिनासारखं.
आकडा त्यांनी सांगायच्या आधीच मला कळला.
हा माल मी पास केला नसता.

रेल्वे लाइन्समधला दवाखाना. एसी इतका
की बाहेरचे बेचाळीस अंश खोटे वाटावेत.
भिंतीवर तीन नावं, पुढं तीन दर.

पहिलं आपलंच रक्त.
दंडातून काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं,
लाल खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं,
ते परत डोक्यात, चाळीस-पन्नास टोचे.
"आपलंच आपल्याला," बाई म्हणाल्या,
"पण कुणाला किती लागू पडेल, नाही सांगता येत.
आधी हिमोग्लोबिन बघू."
म्हणजे सूतच कच्चं असलं तर...
मी वाक्य सोडून दिलं. त्यांनी मान हलवली.

दुसरं माशाचं.
थंड समुद्रातल्या सॅमनच्या बीजातून काढलेले
डोळ्यांना न दिसणारे धागे.
वदिनेनं ते डोळ्यांखाली घेतलंय,
लेकीच्या लग्नाच्या फोटोंसाठी.
तिनं विचारलं होतं, सोमवारी चालेल का,
सिद्धरामेश्वराचा उपास असतो.
बाई हसल्या नाहीत. मंगळवारची वेळ दिली.
"कातडीला बरं आहे," मला म्हणाल्या,
"केसांसाठी अजून थोडी वाट बघा."

तिसऱ्याचा दर सगळ्यात वर.
पेशींनी पेशींना पाठवलेल्या चिठ्ठ्या, म्हणे.
बाईंनी त्या नावावर बोट ठेवलं, उचललं.
"हे मी टोचत नाही. कुणालाच नीट माहीत नाही अजून."
मग भिंतीवर का?
"पार्टनरनं लावलंय."

रात्री रिजेक्टच्या चिठ्ठीमागं हिशोब मांडला.
रक्ताचे तीन हप्ते, महिन्याच्या अंतरानं.
माशाचे दोनच, पण दीडपट पैसे.
ओव्हरटाइम, भिशी, गॅस.
नवरा म्हणाला, पदर आहे की डोक्यावर.
मी त्याला ताटातली शेंगाचटणी पुढं सरकवली
आणि बोलले नाही.

सत्त्याण्णव साली पोरगा तापातून उठला
तेव्हा तिरुपतीला सगळे केस दिले होते मी.
कमरेखाली जायचे. वस्तरा पाच मिनिटं फिरला असेल.
टोपलीत पडले, कुणी मोजले नाहीत.
मीही नाही.
वर चंदन लावलं तेव्हा इतकं गार वाटलं
की मी जिना उतरताना हसत होते.
आता बाथरूमच्या जाळीवरून
एकेक उचलून भिंतीला चिकटवते,
सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे.

रक्तच घेतलं शेवटी.
सुई कपाळाशी आली की डोळ्यांत पाणी यायचं,
बाई थांबायच्या, म्हणायच्या, ओरडा हवं तर.
मला ओरडायला सुचायचं नाही.
सुईच्या टोकाचं काम
या बाजूनं कसं लागतं, तेवढं बघत राहायचे.

चौथा महिना. गच्चीवर मी आणि वदिना.
कारखान्यातलं भिंग पर्समधून आणलेलं.
तिच्या डोळ्यांखाली खरंच फरक आहे,
की पोरगी सासरी सुखात आहे म्हणून,
मला ठरवता येत नाही. भिंगातूनही नाही.
तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं,
भांगावर काच टेकवली.
आकडे तिला अजून तेलुगूतच येतात.
तोम्मिदी. पदी. पदकोंडु.
मागच्या खेपेला नवावरच थांबली होती.
पन्नेंडु, म्हणाली, आणि श्वास रोखला,
हा धरू की नको, बारीक आहे गं,
लव म्हणावी इतका...

खाली कुणीतरी ओरडलं, नळ आला!
पाच दिवसांनी.
तिनं काच माझ्या हातात दिली, साडी खोचली.
हंडे भरून होऊ देत,
पुन्हा पहिल्यापासून मोजू.