उजव्या बाजूची काठी

म्बांडाका मागं पडलं की काँगो नदी चार वाटांनी पांगते
आणि चारी वाटा म्हणतात, मीच खरी.
तिथं पुढच्या बार्जच्या नाकावर आम्ही दोघं उभे असतो,
डावीकडं मी, उजवीकडं म्हातारा इसेका.
हातात काठ्या, एक पट्टा लाल, एक पांढरा,
पाण्यात टोचायची, उपसायची, पुन्हा टोचायची.
कप्तान एकोफो मागं, तीन बार्जच्या पलीकडं, काचेआड.
हाक तिथवर पोचत नाही.
मध्ये इंजिन, बोकड, चारशे माणसं,
आणि एका पाद्र्याचा कर्णा.
म्हणून बोटं.
तीन बोटं म्हणजे तीन मीटर.
मूठ म्हणजे तळ लागत नाही, चल.
आडवा तळहात म्हणजे थांबव,
आईशपथ, थांबव.

कप्तानाकडं नकाशा आहे, त्याच्या बापाच्याही आधीचा.
जिथं 'खोल' लिहिलंय तिथं आता मका उभा आहे.
खोडून खोडून कागदाला लव सुटलीय.
नदीला वाचता येत नाही, इसेका म्हणतो,
तिच्यावर रागावून काय उपयोग?

पहिले दोन महिने मी पट्टे मोजायचो.
तो हसायचा. पट्टे कप्तानासाठी, पोरा. तू हात ऐक.
वाळू खरखरते, मांजराच्या जिभेसारखी.
चिखल बोलत नाही,
फक्त काठी परत द्यायला कुरकुर करतो,
उसने घेतलेल्या मेव्हण्यासारखा.
खडक मात्र थेट कोपरात येतो.

दिवसभर होड्या येऊन बार्जला लोंबकळतात.
धुरावलेले मासे चढतात, पानांत बांधलेला कसावा,
तोंड बांधलेली एक मगर, अजून रागात.
खाली उतरतं मीठ, साबण, ब्लेडची पाकिटं.
माझी मावशी बोलुम्बू तापाच्या गोळ्या सुट्या विकते.
तिनंच सांगितलं एका रात्री, पैसे मोजता मोजता:
इसेकानं आज हजाराची नोट दिली, पाचशेची समजून.
आणि काल पण.

मग मी बघायला लागलो.
त्याचं तोंड पाण्याकडं नसायचंच,
शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं जरा तिरकं.
त्याच्या काठीवरचा रंग कधीच झिजलेला,
नुसतं लाकूड.
त्यानं रंग मागितला नव्हता.
मी कुणाला बोललो नाही.
दया म्हणाल तर थोडी होती.
पण तो गेला तर त्या जागी
मालकाचा भाचा येणार, हेही ठाऊक होतं.

लिसाला सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी
सूर्य बरोबर समोरून आला.
पाणी म्हणजे नवाकोरा पत्रा.
डोळे किलकिले करून मी पट्टे मोजले,
तीन बोटं वर केली.
उजवीकडं आडवा तळहात.

एकाच नाकाच्या दोन बाजू,
मध्ये पंधरा पावलं.
कप्तानाला एकावरच विश्वास ठेवता येणार होता.
इंजिन खोकलं, उलटं फिरलं,
बोकड एकमेकांवर कोसळले, कर्णा गप्प झाला.
ऊन जरा सरकलं तेव्हा दिसलं:
पुढं, नदीच्या ऐन मध्यात, एक बगळा उभा.
त्याचे गुडघेही ओले नव्हते.

संध्याकाळी कप्तान आला,
झोपलेल्यांना ओलांडत, तिन्ही बार्ज पार करून.
असा तो कधी येत नाही.
माझ्यापुढं दोन डबे ठेवले, लाल आणि पांढरा.
हळूच म्हणाला,
किसांगानीला मालकाचा माणूस काठ्या तपासतो.
त्याची रंगवून ठेव.
म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.
किती दिवसांपासून, मी विचारलं नाही.

रात्री कंदिलाजवळ बसून रंगवली,
एक पट्टा लाल, एक पांढरा.
इसेकानं तोलून बघितली,
म्हणाला, जड झाली.
वाळू दे म्हटलं तर ऐकतो कुठं?
पहाटे धुक्यातच घेऊन उभा राहिला.

उजेड झाला. त्यानं हात वर केला.
ओला रंग तळव्याला, मनगटाला, कानालासुद्धा.
तीन बार्ज मागून,
काचेआडूनही दिसली असतील
ती चार लाल बोटं.