दाबल्यावर की सोडल्यावर

मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो :
आवाज क्लच दाबल्यावर येतो, की सोडल्यावर?
बहुतेक गिऱ्हाइकं तिथंच अडकतात,
"येतो बुवा कधीतरी" म्हणतात आणि मोबाईल काढतात.
खैरनार बाई म्हणाल्या, "दाबल्यावर.
पाव इंच दाबला की सुरू.
गंगापूर रोडच्या सिग्नलला सगळ्यात जास्त.
लांब कुणीतरी, बंद दाराआड,
सुरीला धार लावतंय असा."
मग जरा थांबून,
"घरात कुणालाच ऐकू येत नाही."

गाडी दोनच सीटांची, तांबडी, बावीस वर्षांची,
इंजिन पाठीमागे, मानेशी श्वास टाकणारं,
पोट अंबडच्या खड्ड्यांपासून चार बोटं वर.
अठरा वर्षं ट्रेझरीतल्या पगारातून बाजूला टाकून घेतलेली.
मिस्टर तिला साबणाची वडी म्हणतात,
सासूबाई नुसतंच "ती".
दोन गॅरेजवाल्यांनी सांगून झालं होतं,
मॅडम, असल्या गाड्या आवाज करणारच.

आता जे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही ते.
सातपूरला प्रेस शॉपमध्ये एकवीस वर्षं काढली,
कानात कापसाचे बोळे, तेही कधी आठवण झाली तर.
आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी.
नातीचं "आबा" येतं, कारण ती ओरडते.
बारीक आवाजांचा वरचा मजला
माझ्याकडे कधीपासून रिकामा आहे.

म्हणून लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक गिअरबॉक्सच्या खोक्यावर टेकवलं,
मूठ दातांत धरली.
बोलता येईना, तर हाताची खूण ठरवली :
वर केला की दाबा, खाली केला की सोडा.
वर.
आला. दाढेतून, जबड्यातून, कपाळापर्यंत,
भाकरीत वाळूचा कण यावा तसा.
खाली. गेला.
वर. आला.
नऊ वेळा केलं. तीनदा पुरलं असतं.

गिअरबॉक्स उतरवायला दीड दिवस गेला,
मला आणि तौसीफला.
एक बोल्ट अशा ठिकाणी, की बसवणाऱ्यानं
काढणाऱ्यावर जुना राग काढला असावा.
निघालं ते सगळं फरशीवर पेपर पसरून मांडलं :
घासून पापड झालेली प्लेट,
प्रेशर प्लेटवर जांभळे डाग,
आणि ते बेअरिंग.
बोटावर फिरवलं. दर फेऱ्याला
एकाच जागी अडत होतं.

बाईंना फोटो पाठवला नाही.
संध्याकाळी आल्या तेव्हा तळहातावर ठेवलं.
त्यांनी फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"हेच," एवढंच म्हणाल्या,
आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळून
ग्रीससकट पर्समध्ये टाकलं.
रात्री जेवणाच्या टेबलावर ठेवलं असणार,
मीठ-लोणच्याच्या शेजारी.

किट पुण्याहून आलं, तेही एकदा चुकीचं.
प्लेट मधोमध धरायचं हत्यार मिळेना,
तर पंचवटीतल्या कातकाम्याकडून सागाचा दांडा कातून आणला.
तो पोळपाट-लाटणी करतो.
म्हणाला, हे कसलं लाटणं?
गाडीचं, म्हणालो.
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे,
सहाही फिरून पुन्हा पहिल्यावर.

त्र्यंबक रोडला फिरवून आणली. परत दात लावले.
वर, खाली, वर.
काही नाही.
एरवी काही ऐकू आलं नाही की मला माझीच शंका येते.
परवा पहिल्यांदा वाटलं,
नाहीये, म्हणून येत नाहीये.

"पाचशे किलोमीटर सांभाळून," मी बजावलं, "प्लेट बसू द्या."
बाई निघाल्या, फाटकापाशी थांबल्या,
काच खाली करून काहीतरी म्हणाल्या.
तौसीफ माझ्या कानाशी येऊन ओरडला :
"आबा, मागच्या चाकातनं घूं घूं येतंय म्हणतायत. वळताना."

मी हात पुसत पुसत गेलो.
डावीकडं वळताना, विचारलं,
की उजवीकडं?